गिरणीतलं ‘वेस्ट’ पुन्हा सुतात येतं कसं? यंत्रमागवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनीही समजून घ्यावं असं गणित

बेळगाव, प्रतिनिधी : सूतगिरणीत १०० किलो रुई आत गेली म्हणून १०० किलो सूत बाहेर पडत नाही. साध्या कार्डेड सुताला साधारण ८४ ते ८८ किलो सूत हाती लागतं. कोम्ब्ड, म्हणजे विंचरून काढलेल्या बारीक सुताला तर ७० किलोच्या आसपासच. मग उरलेलं जातं कुठे? थोडं धुळीत आणि हवेतल्या ओलाव्यात उडून जातं, थोडा खरा कचरा असतो. पण बराचसा भाग हा तंतूच असतो. आखूड, मळका किंवा पीळ बसलेला, पण कापसाचाच तंतू.

हा तंतू गोळा करून पुन्हा सूत काढणं हा आज मोठा धंदा झाला आहे. इचलकरंजीच्या मागावर, बेळगावातल्या वडगाव-खासबाग भागात, सोलापुरात, इंदूर-हैदराबादच्या बाजारात जे जाडंभरडं सूत मिळतं, त्यात असा माल असणं काही नवं नाही. प्रश्न इतकाच, की तो किती आहे, कोणत्या जातीचा आहे आणि सांगून घातलेला आहे की न सांगता. मागावर तार तुटायला लागली की नुकसान गिरणीचं होत नाही, मागवाल्याचं होतं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणं गरजेचं आहे.

‘वेस्ट’ एकच नसतं

बाजारात सरसकट ‘वेस्ट’ किंवा ‘वेस्टेज’ म्हटलं जातं, पण गिरणीच्या वहीत त्याचे वेगवेगळे खाते असतात, आणि भावातही जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पहिलं, मऊ वेस्ट. कार्डिंगनंतर पेळूसारखी जी जाड लड निघते, तिला गिरणीत स्लायव्हर म्हणतात. तिचे तुकडे, रोव्हिंगची टोकं, चातीवर तार तुटल्यावर शोषून घेतलेला कापूस (याला न्युमाफिल म्हणतात), हे सगळं यात येतं. यात कचरा नसतो, पीळ नसतो, तंतूची लांबीही जवळजवळ मूळचीच. हा माल गिरणी विकत नाही. सरळ पुन्हा त्याच मिक्सिंगमध्ये घालते.

दुसरं, सफाईतून पडणारं वेस्ट. ब्लो रूममध्ये गाठी फोडून रुई झटकली जाते, तेव्हा सरकीची टरफलं, पानाचा चुरा, माती खाली पडते आणि सोबत तंतूही पडतात. कार्डिंग मशीनच्या पहिल्या दातेरी रुळाखाली पडतात ती ‘लिकरीन ड्रॉपिंग’, आणि वरच्या पट्ट्यांना अडकून निघतात त्या ‘फ्लॅट स्ट्रिप’. ड्रॉपिंगमध्ये वापरता येईल असा तंतू निम्म्यापर्यंत असू शकतो. फ्लॅट स्ट्रिपमध्ये त्याहून जास्त, पण तो आखूड आणि गाठाळलेला.

तिसरं, कोंबर नॉईल. बारीक सुतासाठी लड फणीतून विंचरतात, तेव्हा आखूड तंतू बाजूला पडतात, तो हा माल. पांढरा, स्वच्छ, फक्त लांबीला कमी. सगळ्या वेस्टमध्ये याला मान जास्त आणि भावही जास्त, कारण गिऱ्हाईक अनेक. औषधी कापूस करणारे घेतात, ओपन-एंड सूत काढणारे घेतात, आणि नोटांच्या कागदालाही हाच लागतो. आपल्या खिशातली नोट शंभर टक्के कापसाच्या कागदाची असते, लाकडाच्या लगद्याची नाही. ती पाण्यात भिजूनही चटकन विरघळत नाही याचं कारण हेच.

चौथं, कडक वेस्ट. म्हणजे पीळ बसलेलं सूत. वाइंडिंगवरची टोकं, सायझिंगच्या बीमवर उरलेलं सूत, मागावरचा गुंता. गॅरेजमध्ये मेकॅनिक हात पुसायला जो सुताचा पुंजका वापरतो, तो बहुतेक याच जातीचा. हे पुन्हा सुतात आणायचं तर आधी पीळ फोडून तंतू मोकळा करावा लागतो.

पाचवं, कापडाची चिंधी. गारमेंटच्या टेबलावर कापताना उरलेलं कटिंग, आणि त्याच्याही पुढचे वापरून टाकलेले जुने कपडे. इथे काम सगळ्यात अवघड होतं.

खाली उतरत गेलो तसा तंतू आखूड होतो, कचरा किंवा पीळ वाढतो, आणि पुन्हा वापरायचा खर्चही वाढतो. भावातला फरक यातूनच येतो.

गिरणीच्या आतच परत फिरवलं तर?

पूर्वी ड्रॉपिंग सरळ गोणीत भरून व्यापाऱ्याला विकायचे. गादीवाले, उशीवाले घेऊन जायचे. आता अनेक गिरण्या ते पुन्हा साफ करणारी मशीन बसवतात. त्यात ड्रॉपिंग उघडून झटकतात, जड कचरा खाली पाडतात, धूळ हवेने ओढून घेतात आणि वाचलेला तंतू ठरलेल्या प्रमाणात ब्लो रूमला परत देतात.

यातला कळीचा शब्द म्हणजे ‘ठरलेल्या प्रमाणात’. या क्षेत्रातला सर्वसाधारण ठोकताळा असा : कार्डेड रिंग सुतात असा परत मिळवलेला तंतू ५ टक्क्यांपर्यंत, कोम्ब्डमध्ये त्याच्या निम्मा, आणि जाड रोटर सुतात २० टक्क्यांपर्यंत चालतो. पण आज ३ टक्के, उद्या शिल्लक पडलंय म्हणून १० टक्के, परवा काहीच नाही, असं केलं की लॉटगणिक सूत बदलतं. पांढऱ्या सुतात ते डोळ्यांना दिसत नाही. कापड रंगवून आल्यावर पट्टे दिसतात, आणि मग भांडण मागवाला आणि प्रोसेसवाला यांच्यात लागतं. गिरणी नामानिराळी.

हिशेबाच्या भाषेत

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ‘प्रोसेस कॉस्टिंग’ मध्ये नॉर्मल लॉस शिकवतात, तोच हा धडा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा रुई १६० रुपये किलो. १०० किलोचे झाले १६,००० रुपये. सूत निघालं ८६ किलो, दिसणारं वेस्ट १२ किलो आणि २ किलो हवेत गेलं.

वेस्टचे काहीच पैसे आले नाहीत, तर एक किलो सुतामागे नुसत्या रुईचा खर्च पडतो सुमारे १८६ रुपये.

१२ किलो वेस्ट सरासरी ६० रुपयांनी विकलं तर ७२० रुपये परत आले. आता खर्च सुमारे १७७ रुपये ६५ पैसे. म्हणजे किलोमागे आठ रुपयांहून जास्त फरक.

आता समजा त्या १२ किलोतला २ किलो चांगला तंतू साफ करून पुन्हा सुतात घातला. सूत झालं ८८ किलो. उरलं १० किलो वेस्ट, आणि त्यातला चांगला माल काढून घेतल्यामुळे त्याला भाव मिळाला ५५ रुपये. रुईचा खर्च आला सुमारे १७५ रुपये ६० पैसे. आणखी दोन रुपये वाचले.

दोन रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण दिवसाला दहा टन सूत काढणाऱ्या गिरणीला ते रोजचे २० हजार रुपये होतात. यातून मशीनचा हप्ता, वीज आणि माणसांचा खर्च वजा जायला हवा, हे खरंच. आणि त्या तंतूमुळे चातीवर तारा जास्त तुटायला लागल्या, उत्पादन घटलं, तर ते दोन रुपये कधी गेले ते कळतही नाही. म्हणून वेस्ट परत वापरावं की विकावं, याचं उत्तर रोजच्या भावावर ठरतं. रुई महाग असली की परत वापरण्याकडे कल. नॉईलला चांगला भाव असला की विकण्याकडे.

ओपन-एंडचा जन्म आणि वेस्टचं नशीब

जुन्या रिंग पद्धतीत लड रुळांमधून ओढत ओढत बारीक करतात आणि चातीवर पीळ देतात. यात साधारण १२ मिलिमीटरपेक्षा आखूड तंतू रुळांच्या पकडीत नीट येत नाहीत. ते मध्येच तरंगतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक होतं. त्यामुळे वेस्टचा जास्त माल रिंगवर चालत नाही.

१९६७ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात ‘बीडी-२००’ नावाचं रोटर मशीन बाजारात आलं आणि चित्र पालटलं. यात लड एका दातेरी रुळाने तंतू-तंतू सुटी करतात. जड कचरा तिथेच बाहेर फेकला जातो. सुटे तंतू हवेच्या झोताने गरगर फिरणाऱ्या वाटीसारख्या रोटरमध्ये जातात, त्याच्या खाचेत थरावर थर बसतात आणि तिथून पीळ घेत सूत बाहेर येतं. थरावर थर बसत असल्यामुळे आखूड तंतूही सामावून घेतले जातात. रोव्हिंगचं खातं लागत नाही, वेगळं वाइंडिंग लागत नाही, कोन थेट मशीनवरच तयार. हेच आपल्याकडचं ‘ओई’ सूत.

याच्याही मर्यादा आहेत. एका आडव्या छेदात रोटर सुताला साधारण १०० तंतू तरी लागतात, त्यामुळे ते फार बारीक काढता येत नाही. वेस्टच्या मालातून मुख्यतः २ ते २० नंबरचं जाड सूत निघतं. त्याच रुईच्या रिंग सुतापेक्षा त्याची ताकदही कमी भरते, साधारण १५ ते २५ टक्के. आणि माल फारच धुळकट असला की धूळ रोटरच्या खाचेत साचते. मग सुतात ठरावीक अंतराने जाड-बारीक ठसा उमटत राहतो आणि कापडावर लाटांसारखी नक्षी दिसते. यंत्र कितीही चांगलं असो, साफ न केलेल्या मालाची वसुली कुठे तरी होतेच.

चिंधीपासून सूत

कापडाच्या चिंधीपासून सूत काढण्याची आपल्या देशातली दोन मोठी ठिकाणं म्हणजे हरियाणातलं पानिपत आणि तमिळनाडूचा तिरुपूर-कोईमतूर पट्टा. पानिपत जुन्या लोकरी कपड्यांपासून ब्लँकेट करण्यासाठी नावाजलेलं. आता तिथे सुती कटिंगचंही मोठं काम चालतं. तिरुपूरला बनियन-टीशर्टचं कटिंग घरचंच.

काम साधारण असं चालतं. आधी वेचणी. पांढरं वेगळं, काळं वेगळं, निळं वेगळं. हे बहुतेक हातानेच, आणि बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. बटण, चेन, लेबल काढायचं. लायक्रा असलेलं कापड बाजूला टाकायचं, कारण रबरासारखा ताणणारा तो धागा फाडणाऱ्या यंत्रात गुंतून बसतो. मग चिंधीचे बारीक तुकडे करतात. ते तुकडे एकामागून एक असलेल्या दातेरी पिंपांतून जातात. प्रत्येक पिंपाचे दात आधीच्यापेक्षा बारीक आणि दाट. शेवटी तंतू मोकळा होतो.

पण ओरबाडून मोकळा केलेला तंतू तुटतोच. लांबी कमी होते, न उघडलेले धाग्याचे तुकडे मध्ये राहतात. म्हणून नुसत्या चिंधीचं सूत सहसा टिकत नाही. त्यात नवी रुई, नॉईल किंवा पॉलिएस्टर मिसळावं लागतं.

यातला मोठा फायदा रंगाचा. चिंधी रंगानुसारच वेचली असेल, तर सूत रंगीतच निघतं. पुन्हा रंगवायची गरज नाही. म्हणजे पाणी वाचलं, रंग वाचला, सांडपाणी वाचलं. ज्या गावांत रंगाईच्या पाण्यावरून नदीकाठचे लोक आणि कारखाने यांच्यात वाद झाले आहेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आपल्या भागात असा कच्चा माल कमी नाही. बळ्ळारीला जीन्सचं शिलाईकाम, सोलापूरला युनिफॉर्म, इंदूरला रेडिमेड. प्रत्येक टेबलाखाली कटिंग पडतं. पण ते बऱ्याचदा सगळे रंग एकत्र कोंबून, किलोवर भंगारात जातं. तेच कापणाऱ्या टेबलाशीच दोन-तीन पोत्यांत वेगळं केलं, पांढरं सुती, रंगीत सुती आणि मिश्र, तरी भावात फरक पडतो. कारण पुढे वेचायला जी मजुरी लागते, ती वाचलेली असते.

मागवाल्याने सूत कसं पारखावं?

प्रयोगशाळा जवळ नसली तरी चार गोष्टी घरच्या घरी कळतात.

एक, पीळ उलटा फिरवून बघा. रिंग सूत पूर्ण उकलतं आणि तंतू समांतर दिसतात. रोटर सूत पूर्ण उकलत नाही, कारण काही तंतू त्याच्याभोवती पट्ट्यासारखे गुंडाळलेले असतात. रिंगच्या भावात ओई कोणी गळ्यात मारत असेल, तर इथेच कळतं.

दोन, नंबर तपासा. १२० यार्डांची लडी (लीचा चरखा असतो त्यावर काढलेली) ग्रॅममध्ये तोला आणि ६४.८ ला त्या वजनाने भागा. २० नंबरची लडी ३.२४ ग्रॅम भरायला हवी, १० नंबरची ६.४८ ग्रॅम. एकच लडी तोलून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या कोनांवरच्या निदान पाच-सहा घ्या. सरासरी बरोबर पण एक लडी ३ ग्रॅम आणि दुसरी साडेतीन, असं असेल तर मिक्सिंग एकसारखं नाही हे समजा.

तीन, जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र सुतात राखेतच कडक कण हाताला लागतात. ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून घेतलेल्या सुतात असा मणी झाला, तर बिल घेऊन व्यापाऱ्याकडे जायला हरकत नाही.

चार, ओलावा बघा. सुताचा व्यवहार वजनावर होतो. कापसासाठी ८.५ टक्के ओलावा व्यापारात मान्य आहे. त्याहून ओलं सूत म्हणजे सुताच्या भावात पाणी. कोन हाताला गार आणि जड लागला, तर दोन-चार कोन तोलून, एक दिवस सावलीत मोकळे ठेवून पुन्हा तोला.

आणि बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. एका बीममध्ये दोन लॉट मिसळू नका. हा नियम सगळ्याच सुताला लागू आहे, पण वेस्टच्या सुताला जास्त. खर्चीवर, म्हणजे मजुरीने विणणाऱ्याने तर सूत ताब्यात घेतानाच लॉट नंबर टिपून ठेवावा. कापडात दोष निघाला की मजुरी त्याचीच कापली जाते, सूत कोणाचं होतं हे नंतर कोणी विचारत नाही.

वेस्टचं सूत म्हणजे वाईट सूत, असं मात्र मुळीच नाही. पायपुसणी, मॉप, कॅनव्हास, चादरी, पडदे, काही जातीचं डेनिम यांना ते योग्यच आहे. जाड कापडाला महागडं लांब तंतूचं सूत लावणं म्हणजेच पैसे वाया घालवणं. तक्रार सुताबद्दल नाही, लपवण्याबद्दल आहे.

धूळ कोणाच्या छातीत जाते?

या धंद्याची एक बाजू भावाच्या यादीत दिसत नाही. जितका माल हलका, तितकी धूळ जास्त. ड्रॉपिंग झटकताना, चिंधी फाडताना जी बारीक धूळ उडते, तिच्यामुळे ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसाचा आजार होतो. त्याची खूण ठरलेली आहे : आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत जरा बरं वाटतं. म्हणून कामगार दुर्लक्ष करतात, सर्दी-खोकला समजून गोळी घेतात. वर्षानुवर्षं तेच चाललं तर त्रास कायमचा होतो. बिडी ओढणाऱ्यांना धोका अधिक.

हा आजार कामगार विम्याच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. म्हणजे उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. पण डॉक्टरला आपण काय काम करतो हे सांगितलं नाही, तर कागदावर तो नुसता दमा राहतो. त्यामुळे दवाखान्यात गेल्यावर ‘कापसाच्या धुळीत काम करतो’ हे स्वतःहून सांगा, आणि त्रास सुट्टीनंतर वाढतो का तेही सांगा. तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारी हवेची व्यवस्था हाच खरा उपाय.

आगीचाही धोका आहेच. वेस्टमध्ये पट्टीचा तुकडा, खिळा आला आणि दातेरी रुळावर ठिणगी उडाली, तर धुळीने भरलेल्या नळीतून आग पसरायला वेळ लागत नाही. म्हणून आधी लोहचुंबक, मग मशीन, हा क्रम मोडता कामा नये.

‘रिसायकल्ड’ लेबलचा अर्थ काय?

परदेशी ब्रँडना आता पुनर्वापराचं सूत हवं असतं, आणि त्याला प्रमाणपत्र लागतं. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड या प्रमाणपत्रासाठी मालात निदान २० टक्के पुनर्वापराचा भाग लागतो, आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं लेबल लावायचं तर ५० टक्के. म्हणजे ‘रिसायकल्ड’ लिहिलेल्या टीशर्टात निम्मा माल नवाही असू शकतो. त्यात मेख अशी, की माल कुठून आला याची कागदपत्रं साखळीतल्या प्रत्येकाला ठेवावी लागतात. भंगारात बिनबिलाने गेलेलं कटिंग या साखळीत बसत नाही. साधं वजन, तारीख आणि बिल ठेवलं, तर आपल्याकडच्या छोट्या शिलाई कारखान्यालाही या बाजाराचं दार उघडू शकतं. चोपडी नीट ठेवणाऱ्याला इथे फायदा आहे.

थोडक्यात

— मऊ वेस्ट गिरणीतच परत जातं. ड्रॉपिंग साफ करून थोडंसं चालतं. नॉईलला सगळ्यात जास्त मागणी. कडक वेस्ट आणि चिंधी आधी फाडावी लागते.

— प्रमाण किती, यापेक्षा प्रमाण रोज तेच आहे का, हे महत्त्वाचं.

— वेस्टच्या सुताला ओपन-एंड मशीन आणि जाड नंबर योग्य. बारीक सुतात ते खपवू नये.

— मागवाल्यांनी पीळ, नंबर, जळती कसोटी आणि ओलावा या चार गोष्टी तपासाव्यात आणि लॉट नंबर जपून ठेवावा.

— शिलाईवाल्यांनी कटिंग टेबलाशीच वेगळं करावं आणि बिलाने विकावं.

— धुळीत काम करणाऱ्यांनी सुट्टीनंतर छाती आवळत असेल, तर ते अंगावर काढू नये.